फाइलींची नावं

रात्री बारानंतर दीड जीबी नव्यानं भरते.
तोवर मी भांडी आवरते, उद्याची मटकी भिजवते
आणि मोबाईल डब्याला टेकवून
ओट्यापाशीच स्टूल ओढून बसते.

वाठोड्याच्या आमच्या शाळेत नेट नाही.
म्हणजे आहे, पण फक्त हँडपंपाजवळ,
आणि तिथं एकतीस पोरं मावत नाहीत.
म्हणून पेनड्राइव्ह. निळा, टोपण हरवलेला,
माझ्या भिशीच्या पैशांसोबत एकाच बटव्यात.

पाहून झालं की फाइलीला नाव मीच देते:
बेरीज_हातच्याची_बरी_आहे
वजाबाकी_बाई_भरभर_बोलते_नको
मुंगीची_गोष्ट_चौथ्या_मिनिटाला_थांबवणे
(पुढे गुटख्याची जाहिरात आहे)
घड्याळ_हे_दाखवायचंच.

घड्याळाचं खरं सांगते.
तीन वर्षं मी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांची घड्याळं कापली,
मधोमध टाचणी, दोन काटे,
आणि माझा छोटा काटा तीनवरून थेट चारवर
उडी मारायचा, बेडकासारखा.
त्या दोन मिनिटांच्या चित्रात तो सरकला.
मोठा काटा फिरत होता तसतसा, हळूहळू, सगळ्यांदेखत.
लोकेश निषाद, जो कधी बोलत नाही,
ज्याचे आईबाप दुर्गकडून बांधकामावर आलेत,
तो मागच्या रांगेतून उभा राहिला:
"म्हणून साडेतीनला थो मधातच रायते!"
मला कोणी असं शिकवलंच नव्हतं.
मलाही त्याच दिवशी कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण मग भाज्यांचा खेळ आला.
चित्र पाहा, शब्द निवडा.
हिरवी जुडी, मुळांना माती लागलेली.
"सांभार!" एकतीस तोंडं, एक आवाज,
कूलरची घरघर त्यात बुडून गेली.
पडद्यावर चार शब्द होते. सांभार त्यात नव्हता.
अलफियानं शेवटी अंदाजानं एकावर बोट टेकवलं,
लाल फुली, आणि ढोलकं फुटल्यासारखा आवाज.
"चुकलं म्हणते थो."
"चुकलं कसं? माही माय विकते ना सांभार!"
पुढच्या चित्रात पेरू.
"जाम!" म्हणायला या वेळी फक्त सहा जण उठले.
तिसऱ्या चित्राला कोणीच नाही.

मी टीव्ही बंद केला. रिमोट नाही,
बटण मागून दाबावं लागतं,
तेवढा वेळ वर्ग माझ्या पाठीकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी येताना जुडी आणली, दहा रुपयांची.
टेबलावर ठेवली, मोबाईल डस्टरवर उभा केला.
अलफिया बोलली: "हे सांभार होय.
पुस्तकात याले कोथिंबीर म्हणतात.
दोन्ही बरोबर."
मागे कूलर, भंगारवाल्याची हाक,
कोणाच्या तरी पाटीवर पेन्सिलची किरकिर.
एक्केचाळीस सेकंद.
जुडीतलं निम्मं पोरांनी खाल्लं, उरलेलं
खिचडीत गेलं.

फाइल मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली, जरा भीतभीत.
उमरेड रोडच्या हेडाऊ सरांनी अंगठा दिला.
कुही तालुक्यातल्या एका बाईंनी लिहिलं,
फल्लीदाण्याचं पण करा ना.
एका सरांनी विचारलं, प्रमाणभाषेचं काय?
त्यांना उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं,
मग मटकी निथळत होती तिकडे गेले.

शनिवारी सुटीच्या घंटेनंतर
लोकेश दप्तर लावून दारातच थांबला.
"मॅडम, आमच्या घरी त्याले धनिया म्हणते."
एवढंच. आणि पळाला.

आता बारा वाजून चार मिनिटं झालीत.
छोटा काटा बाराच्या जरासा पुढे आहे,
नीट पाहिलं तर दिसतो.
नवी फाइल अजून झालेली नाही,
नाव तेवढं लिहून ठेवते:
कोथिंबीर_तिसरी_लोकेशला_बोलायला_लावणे.